सोडलेलं दूध

"माताजी, आपकी एक चप्पल कहाँ है?"

चौकातल्या नाक्यावर, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला उभ्या असलेल्या जवानाने विचारलं तेव्हा सुनंदाला वाटलं, हा आपली थट्टाच करतोय. मार्चातलं सकाळचं ऊन होतं, हातात मेथी आणि गाजरांची पिशवी होती, आणि चंदिगढच्या सेक्टर बावीसच्या बाजारातून ती नेहमीच्याच रस्त्याने घराकडे निघाली होती. तिने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावं पाऊल उघडं होतं, टाचेपाशी धुळीत कालवलेलं रक्त होतं, आणि ते पाऊल दुसऱ्याच कुणाचं तरी असावं तसं निमूटपणे डांबरावर टेकलं होतं. जवानाने आधी पायाकडे, मग पिशवीकडे पाहिलं. त्या दिवसांत पिशवी बघायची ती संशयानेच. गाजरं खालीवर करून झाल्यावर मात्र त्याचा आवाज निवळला. "शीशा लगा है. दर्द नहीं होता?" सुनंदा हसली. नाही म्हणायला तिला लाज वाटली. चप्पल शोधायला ती मागे वळली, तर ती चांगली पन्नास-साठ पावलांवर रस्त्याच्या कडेला उलटी पडली होती. तेवढं अंतर आपण एका पायाने अनवाणी चाललो, काच रुतवून घेतली, आणि आपल्याला पत्ता नाही. चप्पल पायात सरकवताना ती पायात गेली की नाही हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. तेव्हा कुठे तिचं हसू मावळलं.

घरी येऊन तिने मोरीत बसून पाय धुतला. काच चांगली नखाएवढी होती. ती चिमटीत धरून ओढली तेव्हा रक्त आलं, दुखणं काही आलं नाही. मग तिथेच बसून ती एकेक आठवू लागली. खरं तर आठवण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिने ते आजवर एका ओळीत मांडलंच नव्हतं. गेल्या दिवाळीपासून तळव्यांखाली मुंग्या होत्या. मग मुंग्या गेल्या आणि कापूस आला. फरशीवर चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की घर कलायचं, एकदा तर ती नळाला धरूनच खाली बसली होती. ब्लाउजचे हूक बोटांना सापडत नव्हते. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती, आमटीचं तिखट तिला झोंबायचं. आणि विसरणं. कुकर लावला की नाही, रागिणीची फी भरली की नाही, काही म्हणता काही ध्यानात राहत नव्हतं. रागिणी, तिची कॉलेजात जाणारी एकुलती लेक, परवा म्हणाली, "मम्मी, आप पहले ऐसी नहीं थीं," तर हिने तिच्यावर लाटणं उगारलं होतं. मुलीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीतच. आणि हिंदीतलं ते 'पहले' सुनंदाच्या फार जिव्हारी लागलं होतं. या सगळ्याला प्रत्येकाकडे एकच उत्तर तयार होतं. हालात. हालात, म्हणजे रोजचे गोळीबार आणि कर्फ्यू, असे आहेत म्हटल्यावर बाईमाणसाचे हातपाय कापणार, झोप उडणार, डोकं फिरणार. पंजाबात त्या वर्षांत कुणाला साधी शिंक आली तरी हालातमुळेच यायची. सुनंदालाही ते पटलं होतं. मिरजेच्या बहिणीने, पद्मिनीने, पत्रातून एक रक्तवाढीचं टॉनिक कळवलं होतं. ते घेऊन गाल थोडे वर आले, जिना चढताना धाप लागेना, म्हणून तिने बाटल्यांवर बाटल्या संपवल्या. पाय मात्र तिच्याकडे पाठ फिरवून आपल्या वाटेने चालले होते.

नवरा सरहद्दीकडच्या बटाल्याला होता. रघुवीर टेलिफोन खात्यात, केबलच्या कामावर. शहाऐंशीच्या जूनमध्ये त्याची तिकडे बदली झाली ती दोन वर्षांसाठी म्हणून. पण त्याच्या जागी जायला कुणी तयार होईना, मग दोनाची चार होत आली. रागिणीचं शिक्षण म्हणून बिऱ्हाड चंदिगढलाच सरकारी क्वार्टरमध्ये राहिलं, आणि तो पंधरा दिवसांनी शनिवारी बसने यायचा. बसने. बदली झाली त्याच पावसाळ्यात एका सकाळी रेडिओवर बातमी आली की बस थांबवून, माणसं निवडून, खाली उतरवून मारली. सुनंदा तेव्हा गॅसपाशी उभी होती. मनीमाजऱ्याहून येणाऱ्या गवळ्याचं म्हशीचं दूध पातेल्यात वर येत होतं. तिला दुधाचं वेड होतं. लहानपणी मिरजेला शेजारच्या गोठ्यात जाऊन ती धारोष्ण दूध प्यायची, सायीसाठी भावाशी मारामारी करायची, लग्नात सासूबाईंनी 'मुलीला काय आवडतं' म्हणून विचारलं तर आई म्हणाली होती, दही असलं की भाजी नको हिला. आषाढातली एकादशी दोन दिवसांवर होती. आपल्याकडे चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं, आणि सोडायचं ते आवडीचंच. न आवडणारी कारली सोडून देव फसत नाही. दूध उतू जायच्या बेताला आलं आणि ती मनात म्हणाली, हे बटाल्याहून कायमचे घरी येईपर्यंत माझं दूध बंद. दूध, दही, ताक, तूप, सगळं. चार महिन्यांचा नेम असा तिने नवऱ्याच्या बदलीला नेऊन बांधला. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य वाऱ्यावर जातं. कोऱ्या चहाचं कुणी विचारलं तर पित्त म्हणायची. ताकाला जाऊन भांडं लपवतात. हिने ताकच लपवलं. आणि गंमत अशी की पावणेचार वर्षांत घरातल्या कुणालाही ते दिसलं नाही. आईच्या पानात दही नाही, हे बघायला आईच्या पानाकडे बघावं लागतं. बरं, नेम फळतही होता. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी फाटक वाजायचं आणि तो यायचा, धुळीने माखलेला, जिवंत. असं शंभरेक वेळा झालं होतं. इतक्या वेळा फळलेल्या नेमावर शंका कोण घेणार?

मोरीतलं पाणी लाल झालेलं होतं तेव्हाच शेजारची हरभजन कौर मागच्या दाराने आत आली. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, उंच, आडव्या हाडाची, आवाज असा की तिसऱ्या क्वार्टरला ऐकू जावा. "नी सुनंदा, ए की कीता?" म्हणत तिने पाऊल मांडीवर ओढून घेतलं, आणि पट्टी बांधता बांधता केसातली पिन काढून तिच्या तळव्याला टोचली. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. "कुछ लगा?" "क्या?" हरभजनने पिन परत केसात खोचली आणि म्हणाली, "चल, उठ. सोढी साहब के पास."

डॉक्टर सोढी म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी टेबलाच्या खणातून दोन दातांचा लोखंडी काटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा सुनंदाच्या घोट्यावर टेकवला. "गूँज आती है?" नाही. नडगीवर? नाही. गुडघ्यावर ठेवला तेव्हा कुठे लांबून, भिंतीपलीकडे भुंगा असावा तसं काहीतरी आलं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर ती कोसळलीच. हरभजनने मागून सावरलं. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "गोश्त, अंडा?" नाही. "दूध-दही तो लेती होंगी?" "लेती हूँ," सुनंदा म्हणाली. खोटं बोलताना तिने पदर सारखा केला. "डॉक्टर साहब, झूठ बोल रही है," मागून हरभजन म्हणाली. "चार साल से इसके घर काली चाय देख रही हूँ. लस्सी भेजती हूँ तो लड़की पीती है, ये नहीं." सुनंदाने चमकून मागे पाहिलं. म्हणजे कुणीतरी बघत होतं तर.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व आहे. लागतं इतकंसं की चिमटीतही सापडणार नाही, पण त्याच्यावाचून रक्ताच्या पेशी नीट वाढत नाहीत, आणि मज्जातंतूंवरचं वेष्टन झिजत जातं. झाडपाल्यात ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मिळतं दुधादह्यातून. शरीर ते काळजात, म्हणजे यकृतात, साठवून ठेवतं, वर्षानुवर्षं पुरवतं, म्हणून दूध सोडल्याबरोबर काही होत नाही. होतं ते तीन-चार वर्षांनी, साठा खडखडीत झाल्यावर. तिच्या टॉनिकात फोलिक आम्ल होतं. त्याने रक्त सुधारलं, आणि रक्त सुधारल्यामुळे आतली पडझड झाकली गेली. "अभी देर नहीं हुई," ते म्हणाले. "लेकिन छह महीने और निकल गए तो जो गया वो वापस नहीं आएगा. फिर कुर्सी पर बैठना पड़ेगा, बेटा." सुया घ्यायच्या, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि दूध सुरू करायचं. सुनंदाने मान खाली घालून विचारलं, "सुई में क्या होता है?" तिला भीती वाटत होती ती मांसाची. डॉक्टर हसले. "नहीं नहीं, छोटे-छोटे जीवाणुओं से बनता है. समझ लो, दूध में से जो मिलता, वही इसमें है."

तिथेच घोटाळा झाला. त्यांनी मांस आहे म्हटलं असतं तर तिने एकवेळ गोमूत्र शिंपडून ती घेतली असती. पण दुधातलं तेच यात आहे म्हटल्यावर ही सुई म्हणजे दूधच. पेल्यातून प्यायलं काय आणि दंडातून घेतलं काय, देवाला वाट बदललेली कळत नाही असं थोडंच आहे? रिक्षात बसल्यावर तिने हरभजनला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो नेम तिच्या तोंडून बाहेर पडला, आणि तोही मोडक्या हिंदीत. "वो शनिवार को आते हैं. परसों शनिवार है. मैं आज सुई लूँ और बस में..." पाय गेले तर गेले, ती म्हणाली, पायांना काय करायचंय, खुर्चीत बसून भाजी चिरता येते. हे म्हणताना ती खरोखरच शांत होती, आणि त्या शांतपणाचीच हरभजनला भीती वाटली असावी, कारण तिने सुनंदाला तिच्या घरी सोडलंच नाही, सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं.

हरभजनच्या स्वयंपाकघरात सुई उकळत होती. टेबलावर चिमुकली बाटली होती आणि तिच्यातलं औषध लाल होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं. सुनंदा स्टुलावर बसून नाही नाही म्हणत होती. "मेरी सुन," हरभजन शेवटी म्हणाली. "हमारे यहाँ व्रत-व्रुत नहीं चलते. गुरुओं ने मना किया है. मेरी बेबे होती तो मुझे बेलन से मारती. लेकिन तेरा नेम टूटना नहीं चाहिए, यही ना? तो मत तोड़. मुझे दे दे." सुनंदाला कळेना. "तेरे बदले मैं रखूँगी. आज से मेरा दूध बंद. रघुवीर भाई घर आएँगे तब तक." सुनंदा म्हणाली, असं कसं, तुझ्याही पायाला होईल. "मुझे क्या होगा? मैं अंडा खाती हूँ, इतवार को मीट खाती हूँ. मेरा गोदाम भरा पड़ा है." मग तिने गॅस बारीक केला. "और वो क्या अकेले तेरे हैं? चौरासी में मेरा वीर दिल्ली में था. तीन दिन सारी लाइनें बंद. किसने रात-दिन एक करके मेरी कॉल लगवाई थी? किसने मुझे सुनवाया था कि वो पड़ोसियों के घर ज़िंदा है?" सुनंदाला तो दिवस आठवला. रघुवीर हरभजनला स्कूटरवर एक्सचेंजमध्ये घेऊन गेला होता, आणि परत आल्यावर इतकंच म्हणाला होता, "मिळाला बघ तिचा भाऊ. चहा टाक की." त्यानंतर त्या गोष्टीचा कुणी उच्चारही केला नव्हता.

नेम दुसऱ्याला देता येतो का, याचं उत्तर कुठल्याही पोथीत असलं तरी सुनंदाला ठाऊक नव्हतं. पण देण्याची रीत ठाऊक होती. ती उठली, भिंतीला धरत नळापाशी गेली, तांब्यात पाणी घेतलं आणि हरभजनला हात पुढे करायला सांगितला. आपल्याकडे दान देताना हातावर उदक सोडतात. त्यावर मग आपला हक्क राहत नाही. त्या रुंद, कडं घातलेल्या, हजारो सुया दिलेल्या हातावर तिने पाणी सोडलं. मनात म्हणाली, घे बाई. हरभजनने ओला तळवा चुन्नीला पुसला आणि लगेच म्हणाली, "अब बाँह इधर." सुई टोचली. ही मात्र दुखली, आणि सुनंदा लहान मुलीसारखी रडली.

खरं सांगायचं तर तिला वाटलं, हे सगळं हरभजनने आपल्याला सुई द्यायला केलेलं नाटक. नर्स ती, गोडीगुलाबीने औषध पाजायची तिला सवयच. सुनंदाने ते नाटक आनंदाने पत्करलं, कारण शनिवारी फाटक वाजलं. रघुवीर आला. तिने त्याला आजार सांगितला, नेम सांगितला नाही. तो तिचा पाय हातात घेऊन बसला. "आमच्या केबलीसारखंच की हे," तो म्हणाला. "आत तार शाबूत असते बघ. वरचा कागद ओला झाला, की बोलणं पोचत नाही, नुसती खरखर. नवीन कागद गुंडाळायचा, मेण ओतायचं. दम धरायला लागतो पण." एवढं बोलून तो तिच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिला. तिला तो लागत नव्हता. तिने सांगितलं, "लागतंय थोडं." त्या दिवसांत कर्फ्यू लागला, बाजार बंद पडले, गवळी तीन-तीन दिवस यायचा नाही, पण हरभजन मागच्या आवारातून, दोन क्वार्टरांमधल्या तुटक्या कुंपणातून, सुई घेऊन रोज यायची. सुनंदा दुपारी पडल्या पडल्या त्या साठ्याचा विचार करायची. पावणेचार वर्षं तिने एक थेंब घेतला नव्हता, तरी ती चालत होती, बोलत होती, मुलीला शाळेतून कॉलेजात पोचवत होती. कशावर? मिरजेच्या गोठ्यातल्या त्या दुधावर. भावाने हरल्यावर सोडलेल्या सायीवर. बाळंतपणात सासूबाईंनी आग्रह करकरून पाजलेल्या पेल्यांवर. ज्यांनी दिलं त्यांतली निम्मी माणसं आता नव्हती, आणि त्यांनी दिलेलं तिच्या काळजापाशी गुपचूप पडून राहून तिला पुरत होतं. आपण आपल्या पुण्यावर जगतोय अशी तिची समजूत होती. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग इतकं भरून आलं की तिने उठून, का ते न कळता, त्या सगळ्यांच्या नावाने देवापाशी दिवा लावला.

पहिल्यांदा परतली ती आग. मे महिन्यात तळवे असे जळायला लागले की ती ओल्या फरशीवर पाय टेकून बसायची. सोढी म्हणाले, चांगली खूण आहे. मग मुंग्या, मग एके दिवशी फरशीचा गारवा. जीभ सुधारली, हूक सापडू लागले. रागिणी एकदा म्हणाली, "मम्मी, आप वापस आ गईं," आणि सुनंदा पदराने डोळे पुसत भाकरी थापत राहिली. श्रावणात डॉक्टरांनी तो काटा पुन्हा घोट्यावर ठेवला आणि घोट्यातून वर, हाडाहाडांतून, तो गुणगुणत आला. "गूँज आती है?" तिने फक्त मान हलवली आणि वाकून त्या म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. डाव्या पायाच्या करंगळीत जाणीव कधीच आली नाही. तेवढी गेली ती गेली.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर रघुवीरच्या बदलीचा हुकूम आला. चंदिगढ, कायम. तो सामान घेऊन घरी पोचला त्या संध्याकाळी सुनंदाने घरीच खवा आटवून पेढे केले आणि ताट घेऊन, तुटक्या कुंपणातून, आधी हरभजनकडे गेली. "आ गए," ती म्हणाली. "बदली होऊन. हमेशा के लिए." हरभजनने पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "ऑर्डर हाथ में है? पक्का?" "पक्का." "बटाला अब नहीं जाना?" "नाही जायचं," सुनंदा मराठीतच बोलून गेली. हरभजन खुर्चीवर बसली. पेढा परत ताटात ठेवून तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. "तो फिर पानी ला. अपना नेम वापस ले. ढाई साल से चाय नहीं, काढ़ा पी रही हूँ."

सुनंदा ताट धरून उभी राहिली. तिला एकदम सगळं दिसायला लागलं. लोहडीला हरभजनने खीर घेतली नव्हती, शुगर आहे म्हणाली होती. लंगरमधून आणलेलं रायतं सगळं रागिणीला दिलं होतं. सुई द्यायला आली की, सुनंदाच्याच घरात, सुनंदाच्याच हातचा चहा ती घ्यायची, आणि म्हणायची, जैसा तू पीती थी वैसा ही बना, मुझे आदत हो गई. अडीच वर्षं. आणि आपण, जिला आपल्या पानातलं दही कुणाला दिसलं नाही याचं एवढं वाटलं होतं, आपण एकदाही पाहिलं नाही. "मला वाटलं, तू उगीच..." तिने सुरुवात केली. हरभजनने हात तसाच धरला होता. "जल्दी कर, नी."

सुनंदाने तांब्या आणला. या वेळी तिने स्वतःचा हात खाली धरला आणि हरभजनने वरून पाणी सोडलं, रीत चुकत, अर्धं फरशीवर. मग ज्या गॅसवर सुई उकळली होती त्याच गॅसवर सुनंदाने दूध ठेवलं. ते वर आलं. साखर घालून, स्टीलच्या पेल्यात काठोकाठ ओतून, तिने तो उचलला, आणि दहाही बोटांना चटका बसला, लख्ख, बोटाबोटाला वेगळा.

"फूँक मार के दे," हरभजन म्हणाली. "गरम होगा."

"हो," सुनंदा पेला न सोडता म्हणाली. "गरम आहे."